‘लहान आहे हो तो अजून!’



आज जरा अवघड विषय घेतलाय. अवघड अशासाठी, की यावर आपण बायका बोलतो, पण दबक्या आवाजात, आणि दोन वाक्यं बोलून झाली की ‘जाऊ दे गं’ म्हणून सोडून देतो. विषय आहे पोहण्याच्या तलावावरच्या कपडे बदलायच्या खोलीचा. आईबरोबर बायकांच्या खोलीत येणारे लहान मुलगे आणि बाबांबरोबर पुरुषांच्या खोलीत जाणाऱ्या लहान मुली. हे कितव्या वर्षापर्यंत चालावं? आणि त्यानंतर त्या मुलांनी जायचं कुठे?

आधी एक सांगून टाकते, म्हणजे गैरसमज नको. पोहावं की नाही यावर आमच्या घरातही दोन मतं होती. सासूबाईंना पाण्यातल्या जीवांची विराधना पटत नाही आणि चातुर्मासात आमच्याकडून कुणीही तलावावर जात नाही. पण २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आम्ही कृष्णाकाठच्या माणसांनी डोळ्यांनी पाहिला. पाणी ओसरल्यावर सासूबाईच म्हणाल्या, “पोरांना पोहायला शिकवा. बाकीचं मी बघते.” तेव्हापासून उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं पोहायला जातात. पुढचं सगळं तिथलं आहे.

तलावाचं नाव लिहीत नाही, कारण तुमच्या गावचा तलावही बहुधा असाच असेल. दुपारी चार ते पाच लेडीज बॅच. कपडे बदलायला एक मोठी खोली, भिंतीला हूक, मधे दोन बाकडी, एका कडेला तीन शॉवर आणि दोन संडास. आडोशासाठी तीन कप्पे केलेत, त्यांतल्या एकाचा प्लॅस्टिकचा पडदा फाटलेला आणि एकाला पडदाच नाही. बॅच सुटली की पंचवीस-तीस बायका-मुली त्या एका खोलीत. त्यांच्याबरोबर पाच-सहा मुलगे. कुणी तीन वर्षांचा, कुणी पाच, आणि एक-दोघं चांगले आठ-नऊ वर्षांचे.

गेल्या मे महिन्यात माझी लेक रोज उशीर करायला लागली. ती दहा वर्षांची, पाचवीत जाणारी. मी बाहेर चपला घालून उभी आणि ही आतच. तीन-चार दिवस मी ओरडले. पाचव्या दिवशी शोधायला आत गेले, तर ही संडासात उभं राहून कपडे बदलत होती. खाली सगळी ओल, चड्डी एका हातात, टॉवेल दातांत धरलेला.

मी म्हटलं, “अगं, हे काय? बाहेर एवढी जागा आहे की.”

तिनं तिथे उत्तर दिलं नाही. घरी आल्यावर, मी भाजी निवडत असताना, शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “आई, आमच्या शाळेतल्या एका मुलीचा भाऊ येतो तिथे. तो बघत नाही गं. पण तो असतो.”

तो बघत नाही, पण तो असतो. माझ्या हातातली मेथी तशीच राहिली.

त्या मुलाची आई माझ्या ओळखीची. पाठशाळेत आम्ही दोघी मिळून मुलांचा नाष्टा करतो. दुसऱ्या दिवशी मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, “वहिनी, राग मानू नका, पण चिरंजीव आता तिसरी झाले. मुलींना जरा अवघड होतं.” तिनं लगेच तेच वाक्य म्हटलं जे आपण सगळ्याच म्हणतो, “लहान आहे हो तो अजून! त्याला काय कळतंय?” मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, “एकदा पाठवलं होतं पुरुषांच्या बाजूला. ह्यांना दुकान सोडून येता येत नाही, म्हणून एकट्यालाच. कॉलेजची पोरं होती आत. गंमत म्हणून त्याचा टॉवेल ओढला, एकानं मोबाइल काढला. ओल्या चड्डीवर पँट घालून बाहेर आला माझा मुलगा. दोन दिवस काही बोलला नाही. आता तुम्हीच सांगा, कुठे पाठवू?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मोठ्या तोंडानं सांगायला गेले होते आणि खाली मान घालून परत आले.

जाता जाता ती आणखी एक बोलली. “आणि तुम्हाला वाटतं त्याला आवडतं बायकांत यायला? भिंतीकडे तोंड करून उभा असतो तो, माझं आवरेपर्यंत.”

म्हणजे बघा मैत्रिणींनो, एकाच खोलीत दोन मुलं. एक संडासात लपलेली, एक भिंतीकडे तोंड करून. आणि आम्ही दोघी आया बाहेर भांडायच्या तयारीत.

तिसरी गोष्ट माझ्या धाकट्या दिरांची. जाऊबाई बँकेत आहेत, सुट्टीच्या दिवशीही त्यांचं काही ना काही असतं. त्यामुळे पाच वर्षांच्या पुतणीला दीरच पोहायला नेतात. फॅमिली बॅच रविवारी सकाळी. आता पुरुषांच्या खोलीत पुरुष कसे वावरतात ते सांगायला नको. दिरांना मुलीला तिथे नेणं बरं वाटेना. मग ते बायकांच्या खोलीच्या दाराशी उभे राहायचे आणि आत जाणाऱ्या एखाद्या बाईंना विचारायचे, “ताई, हिचे एवढे कपडे बदलून द्याल का?” ताई आनंदानं द्यायच्या. आम्हाला सगळ्यांना केवढं कौतुक, की दीर किती समजूतदार आणि बायका किती चांगल्या!

पण जरा विचार करा. आपणच पोरीला शिकवतो, अनोळखी माणसाला कपड्यांना हात लावू द्यायचा नाही. आणि दहा मिनिटांनी आपणच तिला अनोळखी बाईच्या हातात देतो. त्या बाईंनी काही वाईट केलं असं नाही. पण लेकराच्या डोक्यात काय शिल्लक राहिलं? आई-बाबांची सोय असेल तेव्हा नियम मोडला तरी चालतो, एवढंच.

आता माझी स्वतःची गोष्ट. ही लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं.

माझा मोठा मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे. तो नऊ वर्षांचा होईपर्यंत मी त्याला माझ्याबरोबर लेडीज बॅचला नेत होते. मलाही कुणी कुणी सुचवलं होतं आणि मीही तेच म्हटलं होतं, लहान आहे हो तो अजून. लेकीचं हे प्रकरण झाल्यावर मी त्याला सहज विचारलं, “तुला आठवतं का रे, आपण जायचो ते?” तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, “आठवतं. मी डोळे मिटून बसायचो. आणि तू म्हणायचीस, लाजतोस काय मुलींसारखा.”

मला ते वाक्य म्हटल्याचं आठवत नाही. त्याला आठवतं.

तेव्हापासून माझं मत बदललं, आणि तेच आज तुमच्यापुढे ठेवतेय. ‘लहान आहे’ हे आपण मुलाबद्दल बोलतो असं आपल्याला वाटतं. खरं तर ते आपल्या सोयीबद्दल असतं. मूल आपल्याबरोबर राहिलं की आपली काळजी मिटते. पण त्या खोलीत जी लाज वाटते, ती मुलाला वाटते. आत आलेल्या मुलालाही आणि आधीपासून आत असलेल्या मुलीलाही. त्या दोघांना आपण कधी विचारतच नाही.

कुणी म्हणेल, विचारायचं काय त्यात, पोरांना काय कळतं? तर एक गोष्ट सांगते. जपानमध्ये सार्वजनिक स्नानगृहांची जुनी पद्धत आहे. सगळे तिथे कपड्यांशिवाय आंघोळ करतात, बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला, आणि लहान मुलं आई किंवा बाबा, कुणाहीबरोबर जातात. म्हणजे अंगाची लाज त्यांच्यात आपल्यापेक्षा कमीच म्हणायची. त्यांच्या सरकारी सूचनेत पूर्वी साधारण १० वर्षांची मर्यादा होती. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयानं ती साधारण ७ वर आणली, आणि टोकियो शहरानं १ जानेवारी २०२२ पासून तसा नियम लागू केला. मला त्यातली आवडलेली गोष्ट ही, की त्याआधी त्यांनी मुलांनाच विचारलं होतं: तुम्हाला कितव्या वर्षापासून लाज वाटायला लागली? सगळ्यांत जास्त मुलांनी सांगितलं, सहाव्या. त्याखालोखाल, सातव्या.

सहाव्या! आणि मी माझ्या मुलाला नवव्यापर्यंत नेत होते.

माझी नणंद इंग्लंडमध्ये असते. तिच्याकडच्या तलावांवर बहुतेक ठिकाणी आठ वर्षांचा नियम आहे. आठ पूर्ण झाली की मुलगा पुरुषांच्या खोलीत, मुलगी बायकांच्या. आपल्याकडे रेल्वेत बायकांच्या डब्यात बारा वर्षांखालच्या मुलाला आईबरोबर बसता येतं. तलावावर कुणी वाद घातला की हाच बारा वर्षांचा दाखला देतात. पण डब्यात आपण साडी नेसून बसलेल्या असतो. मुंबईच्या लोकलमध्ये अकरा वर्षांचा मुलगा आईजवळ उभा राहिला तर कुणाचं काय जातं? कपडे बदलायच्या खोलीला डब्याचा नियम लावून कसं चालेल?

तर माझं मत असं. पाच वर्षांपर्यंत मूल आईबरोबर असो की बाबांबरोबर, कुणी काही म्हणू नये. सहाव्या वर्षापासून आपण मुलाला विचारायला लागावं. सात पूर्ण झाली की मुलग्यानं बायकांच्या मोकळ्या खोलीत येऊ नये आणि मुलीनं पुरुषांच्या खोलीत जाऊ नये. आणि त्याआधीच मुलानं ‘मला नको’ म्हटलं, तर त्याच दिवसापासून नको.

पण एवढं म्हणून थांबले तर मी त्या वहिनींवर अन्याय करीन. कारण सात वर्षांच्या मुलाला ‘जा तिकडे’ म्हणून मोठ्या पुरुषांच्या खोलीत एकट्याला लोटणं हा काही उपाय नाही. आपल्याला मुलींची काळजी वाटते, ती वाटायलाच हवी. मुलग्यांची मात्र वाटत नाही. ‘मुलगा आहे, त्याला काय होतंय!’ केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये बालशोषणावरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केला होता. त्यांतल्या ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. आणि त्या त्रास झालेल्यांमध्ये मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्तच होते. २०१२ चा पोक्सो कायदाही म्हणूनच मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल त्यात येतं. टॉवेल ओढून मोबाइल काढणाऱ्या त्या पोरांना कदाचित ती गंमत वाटली असेल. कायद्याला ती गंमत वाटेलच असं नाही.

म्हणून भांडण बायकांची खोली की पुरुषांची खोली, हे नाहीच. भांडण आहे आडोशाचं. एक तिसरं दार हवं. एवढीशी खोली, आतून कडी लागणारी, जिथे आई मुलाला घेऊन जाऊ शकेल, बाबा मुलीला घेऊन जाऊ शकतील, आणि मोठं झालेलं मूल आत एकटं जाऊन आई-बाबांना बाहेर उभं करू शकेल. माझ्या पाहण्यात एक तेरा वर्षांचा मुलगा आहे, त्याला स्वतःचे कपडे स्वतः घालता येत नाहीत. पाण्यात मात्र तो इतका खुलतो! त्याला आईच लागते. वयाचा नियम त्याला लावला तर त्याचं पोहणं बंद होईल, आणि नाही लावला तर बायका कुजबुजतात. त्या माऊलीनं रोज सगळ्यांच्या नजरा झेलायच्या का? तिसरं दार असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

‘पूर्वी कुठे होतं हे सगळं?’ असं सासूबाईंच्या मैत्रिणी म्हणतात. मला तर उलटं वाटतं. पूर्वी हे जास्त होतं. माझ्या आज्जीला मी घाटावर पाहिलंय. नदीत आंघोळ करून वर यायची, घाटावर माणसं भरलेली, पण ओल्या लुगड्यावर कोरडं लुगडं अशा काही हातानं नेसायची की टाच सोडून काही दिसायचं नाही. शेजारच्या दोघी न सांगता पाठ करून उभ्या राहायच्या. मुलगे पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायचे, पण मोठ्या पोरांच्या विहिरीवर लहान पोराला एकटं कुणी सोडत नसे, काका नाहीतर मामा काठावर बसलेला असायचा. म्हणजे आडोसाही होता आणि राखणही होती. भिंती बांधल्या, टाइल्स बसवल्या आणि या दोन्ही गोष्टी आपण विसरलो.

आणखी एक आक्षेप येतो. ‘एवढ्याशा मुलांच्या मनात तुम्ही नसतं भरवताय. निरागस असतात ती.’ या आक्षेपाचा मी बराच विचार केला, कारण त्यात थोडं तथ्य आहे. आपलं शरीर म्हणजे काही तरी घाण, लपवायची गोष्ट, असं मुलांना वाटता कामा नये. आमच्या घरात तर हा प्रश्न वेगळ्याच वाटेनं आला. लेकीनं विचारलं, “आई, महाराजांच्या अंगावर तर काहीच नसतं. त्यांना नमस्कार करतो आपण. मग मला का लाज वाटते? मी चुकते का?”

मी जमेल तसं सांगितलं. म्हटलं, महाराजांनी वस्त्र स्वतः सोडलं, पूर्ण समजून, सगळे विकार जिंकण्यासाठी. त्यांचं वस्त्र कुणी काढून घेतलं नाही. तू अजून ते काही ठरवलेलं नाहीस. तुझं तू ठरवेपर्यंत तुला कुणी पाहावं आणि कुणी नाही, हे तू सांगायचं आणि आम्ही ऐकायचं. यात अंग वाईट असण्याचा प्रश्नच नाही. तिला ते पटलेलं दिसलं. नंतर मलाच वाटलं, निरागसपणा टिकवायचा तर मुलाची लाज मोडून टिकत नाही. माझ्या मुलाची मी मोडायला निघाले होते, ‘मुलींसारखा लाजतोस’ म्हणून.

बरं, आता आम्ही काय केलं ते सांगते, कारण नुसतं बोलून उपयोग नाही.

आम्ही सहाजणींनी तलावाच्या साहेबांना अर्ज दिला. अर्जात चार मागण्या. एक, प्रवेशाच्या खिडकीशेजारी जी छोटी खोली मोडक्या खुर्च्या आणि फुटक्या ट्यूबनी भरलीय, ती रिकामी करून आतून कडी आणि एक दिवा लावून द्या, वर पाटी लावा: ‘लहान मुले व पालक यांच्यासाठी’. दोन, दोन्ही बाजूंच्या सगळ्या कप्प्यांना पडदे. तीन, कपडे बदलायच्या खोलीत मोबाइल बाहेर काढायचा नाही, अशी ठळक पाटी, आणि ती पाळली जाते का हे बघायला माणूस. चार, सुट्टीच्या दिवसांत बॅच सुटल्यावर पहिली दहा मिनिटं पुरुषांच्या खोलीत फक्त मुलं आणि त्यांच्याबरोबरची मोठी माणसं, बाकीचे पुरुष नंतर.

साहेब चांगले बोलले. म्हणाले, खोलीला वरून मंजुरी लागेल. मोबाइलची पाटी आठवड्यात लागली. दहा मिनिटांचा नियम चार दिवस चालला आणि मग ढिला पडला. पडद्यांसाठी ‘निधी नाही’ म्हणाले. मग आम्हीच माझ्या दोन जुन्या सुती साड्या आणि वहिनींच्या एका चादरीचे पडदे शिवले, कड्या विकत आणल्या आणि लावले. खर्च दोनशे रुपयांच्या आत. पुरुषांच्या बाजूचे पडदे दिरांनी लावले. छोटी खोली अजून खुर्च्यांनीच भरलेली आहे. आम्ही दर महिन्याला जाऊन विचारतो.

तोवर घरच्या घरी काय करता येईल? मुलांना कॉस्च्युम घरूनच आत घालून न्या, वर फ्रॉक नाहीतर सदरा. म्हणजे प्रश्न फक्त परतीचा उरतो. परतीसाठी मी टॉवेलचा झगा शिवलाय, तुम्हीही शिवा. तीस इंच बाय साठ इंचाचा आंघोळीचा टॉवेल घ्या. लांबीत दुमडा. दुमडीच्या बरोबर मधोमध अकरा इंचांची चीर द्या, ती डोक्यासाठी, आणि तिला सुती पट्टी लावून घ्या, नाहीतर धागे सुटतात. दोन्ही बाजू खालून वर शिवत आणा आणि वर आठ-आठ इंच हातांसाठी सोडा. झालं. सात-आठ वर्षांच्या मुलाला गुडघ्यापर्यंत येतो आणि आत हात घेऊन सगळे कपडे बदलता येतात. वाळायला वेळ लागतो, म्हणून दोन करा. लेक आता संडासात जात नाही. बाकड्यावर बसून, झग्याच्या आत, गप्पा मारत बदलते.

हा झगा तलावापुरताच नाही. मे महिन्यातली संस्कार शिबिरं, यात्रेतल्या धर्मशाळा, लग्नाची कार्यालयं, सगळीकडे एका खोलीत वीस माणसं आणि एक न्हाणीघर असतं. तिथेही मुलं आपली असतात आणि ‘लहान आहे’ हे वाक्यही आपलंच असतं. शिबिराच्या तयारीच्या बैठकीत जेवणाचा मेनू ठरवायला आपण तास घालवतो. आंघोळीची सोय मुलं-मुली वेगळी आहे का, कडी आहे का, बाहेर कोण उभं राहणार, हे पाच मिनिटं तरी विचारू या.

आणि मुलांशी बोला. हे सगळ्यांत आधी. अंगाच्या सगळ्या अवयवांची नावं सांगा, म्हणजे काही झालं तर त्यांना सांगायला शब्द असतील. कुणी टॉवेल ओढला, फोटो काढला, हात लावला, तर चूक त्याची नसते, आणि घरी सांगितलं तर ओरडा बसणार नाही, हे पुन्हा पुन्हा सांगा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर आहे, तो आमच्या फ्रिजवर लिहून ठेवलाय. वहिनींच्या मुलानं दोन दिवस काही सांगितलं नाही, कारण त्याला वाटत होतं की आपणच टॉवेल नीट धरला नाही.

त्या मुलाचं पुढे काय झालं हे तुम्ही विचारालच. आता माझा मोठा त्याला घेऊन जातो. त्यानंच आपण होऊन सांगितलं, “आई, मी जाईन त्याच्याबरोबर आत. दाराशी उभा राहीन.” दोघं झगे घालून बाहेर येतात आणि मग गेटवरच्या गाडीवर कैरी खातात. परवा त्या छोट्यानं माझ्या मुलाला विचारलं म्हणे, “दादा, तुझ्याबरोबर कोण उभं राहायचं?” माझ्या मुलानं काय सांगितलं ते त्यानं मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

मैत्रिणींनो, आज रात्री झोपताना मुलाला, मुलीला, नातवाला एवढंच विचारा: ‘तिथे कपडे बदलताना तुला कसं वाटतं?’ विचारून झालं की मात्र गप्प बसा. ‘त्यात काय एवढं’ म्हणू नका. त्याला बोलू द्या.

जय जिनेंद्र.